दहा ओळी ज्याच्या त्याने लिहाव्यात? आलेख-लायब्ररीच्या देखभालकर्त्यांना खुले पत्र

प्रति,
देखभालकर्ते मंडळ,
आलेख-लायब्ररी

स.न.वि.वि.

सुविधा-फंक्शनांचे, म्हणजे नेहमीचे काम एका हाकेत करून देणाऱ्या तयार फंक्शनांचे, सगळे प्रलंबित प्रस्ताव आपण एकगठ्ठा बंद केलेत आणि कारण एका वाक्यात दिलेत: लायब्ररी आटोपशीर ठेवायची आहे, हे काम वापरणारा दहा ओळींत स्वतः करू शकतो. निर्णयाचा अधिकार आपलाच आहे. पण त्या दहा ओळी कोण लिहितो, कशा लिहितो आणि त्यांत काय चुकते, याचा विचार त्या वाक्यात कुठे दिसत नाही. म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहोत. लायब्ररीचे नाव मुद्दाम घेतलेले नाही. वापरणाऱ्यांना ते कळेलच, आणि इतरांपुढे तिची बदनामी करायची इच्छा नाही.

आम्ही इंदूरमध्ये आकडेवारीचे काम करणारी मंडळी. पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, वॉर्डनिहाय पाणी आणि कचऱ्याचे तक्ते, कॉलेजांचे प्रकल्प अहवाल, असे आमचे काम. इथले सरकारी कागद हिंदीत जातात, आपल्या मंडळांचे मराठीत. म्हणजे अक्षावर देवनागरी हवीच. रकमा लाख-कोटींत, वर्ष एप्रिल ते मार्च, आणि शेवटी बहुतेक आलेखांच्या नशिबी झेरॉक्स. आपली लायब्ररी हा मॅटप्लॉटलिबवर, म्हणजे पायथन भाषेतल्या मूळ आलेख-लायब्ररीवर, चढवलेला पातळ थर आहे. तळाची लायब्ररी जगभरासाठी आहे, तिच्याकडे कोणी लाख-कोटी मागत नाही. आपण इथल्या कामासाठी म्हणून हा थर बांधलात, म्हणून आपल्याकडे मागतो.

पहिली तक्रार अक्षावरच्या आकड्यांची. सर्वांत जास्त चुका इथेच होतात, त्यामुळे जरा सविस्तर.

पायथनला आकड्यात स्वल्पविराम घालायला सांगितले की तो तीन-तीन अंकांवर घालतो: १२,३४५,६७८. आपल्याला हवे असते १,२३,४५,६७८. मग जो तो आपापले फंक्शन लिहितो. प्रचलित रीत अशी: आकड्याची स्ट्रिंग करायची, शेवटची तीन अक्षरे बाजूला काढायची, उरलेल्याचे उजवीकडून दोन-दोनचे तुकडे पाडायचे आणि स्वल्पविरामाने जोडायचे. धन पूर्णांकांवर हे बिनचूक चालते. उणे १२३४५ दिले की उरलेला भाग ‘-१२’ असतो, त्याचे तुकडे ‘१२’ आणि नुसते ‘-’, आणि कागदावर येते ‘-,१२,३४५’. उणे १२३४५६ मात्र व्यवस्थित छापला जातो, कारण तिथे उणे चिन्हाला जोडीला एक अंक मिळतो. म्हणजे एखादा ऋण आकडा तपासून पाहिला तरी चूक हाती लागेलच असे नाही. ती नेमकी तुटीच्या वर्षी, अहवाल छापून आल्यावर दिसते. दशांश असला तर आणखी वाईट. १२३४५६.५ची शेवटची तीन अक्षरे ‘६.५’, आणि उत्तर ‘१,२३,४५,६.५’.

बरोबर रीत अवघड नाही. आधी हवे तितके दशांश ठेवून पूर्णांकन, मग चिन्ह वेगळे, मग दशांश भाग वेगळा, आणि शेवटी उरलेल्या अंकांची विभागणी. क्रम उलटा झाला, म्हणजे दशांश आधी तोडून त्याचे पूर्णांकन नंतर केले, की ९९९९९.९९६चे १,००,०००.०० होत नाही. हातचा एक पूर्णांकापर्यंत पोचतच नाही. हे एकदा, एका जागी, चाचण्यांसह लिहिण्याचे काम आहे. ते प्रत्येक कचेरीत नव्याने का व्हावे?

यावर ‘लोकेल (भाषा-प्रदेशानुसार आकडे मांडण्याची संगणकातली सोय) वापरा’ असे उत्तर आपल्याकडून मिळते. लोकेलची मांडणी संपूर्ण प्रोसेसला लागू होते. एकाच सर्व्हरवर दोन थ्रेड दोन भाषांचे अहवाल काढत असतील तर एकाने केलेला बदल दुसऱ्याच्या आकड्यांत उतरतो. शिवाय सर्व्हरवरच्या आटोपशीर लिनक्स इमेजमध्ये हिंदी किंवा मराठी लोकेल बहुधा बसवलेलेच नसते, आणि प्रोग्रॅम ‘अनसपोर्टेड लोकेल सेटिंग’ म्हणून थांबतो. स्वतःच्या लॅपटॉपवर चाललेले दुसरीकडे का चालत नाही, हे शोधण्यात मग दुपार जाते.

आकडे मोठे झाले की दुसरी भानगड. मॅटप्लॉटलिबची मूळ मांडणी अशी की अक्षावरचे आकडे दहा लाखांच्या घरात गेले की ती घातांकात शिरते: टिकपाशी, म्हणजे अक्षावरच्या खुणेपाशी, ०.५, १.०, १.५ आणि अक्षाच्या टोकाला बारीक अक्षरांत ‘१ई७’. पानावर बसवताना चित्राची कड कातरली की ते ‘१ई७’ जाते, आणि सभासद दीड कोटीच्या ठेवी दीड रुपया वाचतो.

प्रत्येकाने फंकफॉर्मॅटर (टिकचा मजकूर आपल्या फंक्शनकडून घेणारी सोय) लावून हे सोडवावे, हा सल्लाही पुरा पडत नाही. त्या फंक्शनला एका वेळी एकच टिक मिळते, तिची किंमत आणि क्रमांक. शेजारच्या टिकांवर काय आहे ते त्याला कळत नाही. त्यामुळे एकाच अक्षावर ‘५० लाख’, ‘१ कोटी’, ‘१.५ कोटी’ अशी खिचडी होते. एकक संपूर्ण अक्षाचे एकच हवे, सर्वांत मोठ्या टिकवरून ठरलेले, आणि ते अक्षाच्या नावात लिहिलेले हवे. त्यासाठी सगळ्या टिक एकत्र पाहणारा फॉर्मॅटर-वर्ग लागतो, म्हणजे फॉर्मॅट_टिक्स ही पद्धत नव्याने लिहावी लागते. दशांशही तिथेच ठरवायचे. टिक पंचवीस-पंचवीस लाखांवर असताना कोटीत एकच दशांश ठेवला तर ०.०, ०.२, ०.५, ०.८, १.० असे छापले जाते. रेषा सारख्या अंतरावर, आकडे वेडेवाकडे. आणि वाचणाऱ्याला वाटते, हिशेबच चुकला. हे दहा ओळींत होत नाही. ज्यांनी होते म्हटले त्यांनी बहुधा धन आणि लहान आकड्यांवर करून पाहिले असावे.

दुसरी तक्रार देवनागरीची.

मॅटप्लॉटलिबचा मूळ फॉन्ट डेजाव्हू सॅन्स. त्यात देवनागरी नाही. ‘न’ लिहिला की चौकोनी डबा आणि ‘ग्लिफ २३४४ मिसिंग’ असा इशारा. इथपर्यंत सगळ्यांना कळते. फॉन्ट टाकला, नाव दिले, तरी डबेच येतात, कारण फॉन्टची यादी एकदा बनवून कॅशमध्ये ठेवलेली असते आणि नवा फॉन्ट तिच्यात नसतो. कॅश पुसावी लागते किंवा ॲडफॉन्टने फाईलचा मार्ग थेट द्यावा लागतो. पुढे देवनागरी फॉन्ट लागला की उणे चिन्ह बिघडू शकते. मॅटप्लॉटलिब अक्षावर साध्या हायफनऐवजी गणिती उणे चिन्ह वापरते आणि ते काही देवनागरी फॉन्टांत नसते. २०२२च्या ३.६ आवृत्तीपासून फॉन्टांची उतरती यादी देता येते, एकात अक्षर नसेल तर पुढच्यातून घेते. यादी कोणत्या क्रमाने द्यायची, हे आपल्या दस्तऐवजांत एका ओळीने तरी सांगितलेले असावे ना?

खरी अडचण त्यानंतर येते. आपली लायब्ररी सध्या ज्या मॅटप्लॉटलिबला बांधलेली आहे, ती अक्षरे एकामागून एक नुसती मांडत जाते. ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या आधी काढायचा, जोडाक्षर एकत्र बांधायचे, रफार वर चढवायचा, हे तिला येत नाही. त्यामुळे ‘विजय नगर’चा इकार व आणि ज यांच्या मध्ये पडतो आणि कागदावर ‘वजिय नगर’ वाचले जाते. ‘पलासिया’चे ‘पलासयिा’. ‘छत्रीबाग’ पाय मोडून ‘छत्‌रीबाग’, ‘मल्हारगंज’ ‘मल्‌हारगंज’. डबे आले तर निदान कोणीतरी विचारतो. इथे इशारा नाही, चूक नाही, प्रोग्रॅम खुशाल पूर्ण होतो, आणि देवनागरी न वाचणारा तपासनीस ‘छान दिसतेय’ म्हणून पुढे पाठवतो.

वाटा आहेत, आणि आपल्याला त्या ठाऊक आहेत. एसव्हीजी काढायची असेल तर एसव्हीजी.फॉन्टटाइप ‘नन’ ठेवावा, म्हणजे अक्षरांचे आकार न कोरता मजकूर तसाच जातो आणि ब्राउझर तो नीट जुळवतो; मात्र पाहणाऱ्याच्या यंत्रावर तो फॉन्ट हवा, आणि लेबलाची रुंदी थोडी इकडेतिकडे होते. पीडीएफ हवी तर पीजीएफ बॅकएंड (बॅकएंड म्हणजे चित्र प्रत्यक्ष काढणारा भाग) आणि झीलाटेक ही अक्षरजुळणीची प्रणाली. पीएनजी हवी तर एमपीएलकैरो हा बॅकएंड, अक्षरे जुळवणाऱ्या राकम लायब्ररीसह. यांतले नेमके कोणते कधी, हे फक्त दोन-चार जणांना माहीत असते आणि ते सुटीवर असले की काम अडते.

आमचा प्रस्ताव त्यामुळे साधा होता. फाईल जतन करतानाच तपासा: आलेखात कुठेही देवनागरी मजकूर आहे का, आणि निवडलेला बॅकएंड ती जुळवू शकतो का? नसेल तर स्पष्ट शब्दांत इशारा द्या आणि वरच्या तीनपैकी जमणारी वाट सुचवा. तपासणी म्हणजे मजकुरात देवनागरीच्या युनिकोड पट्ट्यातले अक्षर शोधणे, एवढेच. हा प्रस्तावही ‘सुविधा’ या शिक्क्याखाली बंद झाला, हे आम्हाला सर्वांत जास्त लागले.

(जाता जाता: देवनागरी अंकांना हा त्रास नाही. ते स्वतंत्र अक्षरे आहेत, जुळणी लागत नाही. अंक बदलण्याचा एक पर्याय दिला तर तो आजच्या आज चालेल.)

तिसरी तक्रार छोटी आहे पण वर्षभर छळते. तारखांचा अक्ष वर्षाची मोठी खूण जानेवारीत ठेवतो. आपले आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होते. पांडाज ही तक्ते हाताळणारी पायथन लायब्ररी मार्चअखेरचे वर्ष ओळखते, पण त्याचे नाव संपणाऱ्या वर्षावरून ठेवते: एप्रिल २०२४ची तिमाही तिथे २०२५ची पहिली. आपण लिहितो २०२४-२५. लेबल हाताने बनवताना एक वर्ष पुढे किंवा मागे सरकते, आणि आलेखाचा आकार तोच राहत असल्याने कोणाच्या ध्यानात येत नाही. त्यातून पांडाजच्या २.२ आवृत्तीत वर्ष-तिमाहीच्या या संक्षिप्त खुणा बदलल्या, जुन्या स्क्रिप्टांत इशाऱ्यांचा पाऊस पडू लागला. टिक एप्रिलपासून मोजून ठेवणारा लोकेटर आणि ‘२०२४-२५’ लिहिणारा फॉर्मॅटर, दोन्ही मिळून चाळीस ओळींच्या आत बसतात. पुल रिक्वेस्टमध्ये, म्हणजे कोड जोडून घेण्याच्या विनंतीत, चाचण्यांसह जोडलेले होते.

चौथी, बारची. दोन मालिकांचा जोडबार दाखवणारे उदाहरण सगळीकडे सापडते: पहिला बार रुंदीच्या निम्म्याने डावीकडे, दुसरा निम्म्याने उजवीकडे. लोक तेच उचलतात आणि तिसरी मालिका आणखी उजवीकडे ठेवतात. सगळा गट कलतो, टिकचे नाव मधल्या बारखाली येण्याऐवजी पहिल्या दोघांच्या फटीत जाते, आणि वॉर्ड एकमेकांत मिसळतात. नियम एका ओळीचा आहे: गटाची रुंदी ०.८, मालिका ‘म’ असतील तर बारची रुंदी ०.८ भागिले म, आणि शून्यापासून मोजलेल्या ‘क’ क्रमांकाच्या बारचे सरकणे क उणे (म-१)/२, गुणिले रुंदी. बारवर आकडे लिहिण्यासाठी तळाच्या लायब्ररीत २०२१च्या ३.४ आवृत्तीपासून बार_लेबल आहे, ते उत्तम आहे. पण अक्षाची मर्यादा ठरवताना ते लेबल मोजले जात नाही, म्हणून सर्वांत उंच बारचा आकडा चौकट ओलांडून शीर्षकात घुसतो. मार्जिन्समध्ये वाय ०.१२ दिले की सुटते. बारचा तळ शून्याला चिकटलेलाच राहतो, ती भीती नको.

इंदूर महापालिकेचे ८५ वॉर्ड आहेत. ८५ नावे आडव्या अक्षावर बसत नाहीत. तिरकी केली तरी नाहीत, आणि तिरकी देवनागरी वाचण्यापेक्षा तक्ता परवडला. आडवे बार घ्यावे लागतात, आणि उंची मोजून द्यावी लागते: ७ पॉइंटचे अक्षर, ओळीला १.२ पट म्हणजे ८.४ पॉइंट, गुणिले ८५ म्हणजे ७१४ पॉइंट, म्हणजे सुमारे ९.९ इंच. ए-चार कागदाची उंची ११.६९ इंच, शीर्षक आणि समास यांना पावणेदोन इंच उरतात. बसते, पण जेमतेम. शिवाय आडवे बार खालून वर भरतात, त्यामुळे अक्ष उलटा करायला विसरले की पहिला वॉर्ड तळाला. आणि एवढी मोजदाद केल्यावर कोणी जतन करताना बीबॉक्स_इंचेस ‘टाइट’ दिले की कडा कातरून चित्राचा आकारच बदलतो, वर्डमध्ये ते पानाच्या रुंदीला ताणले जाते आणि ७ पॉइंटचे अक्षर ७चे राहत नाही. नोंदींची संख्या पाहून उंची ठरवणारे आणि ठरलेला आकार कागदापर्यंत टिकवणारे एक फंक्शन आम्ही मागतो आहोत. झेरॉक्ससाठी रंगांबरोबर रेघोट्यांचे हॅच आपोआप फिरवावेत, हेही त्यातच.

आता आपली बाजू. प्रत्येक नवे फंक्शन म्हणजे कायमचे ओझे, हे खरे आहे. एकदा दिलेले नाव काढता येत नाही, पर्याय वाढत जातात, आणि देणारा निघून गेला की निस्तरायला आपण उरता. म्हणून काय नको तेही सांगतो: त्रिमितीय पाय चार्ट नको, आपोआप शीर्षक नको, सणासुदीच्या रंगांच्या थीम नकोत, आणि मूळ पद्धतीला नुसते दुसरे नाव देणारी फंक्शने तर अजिबात नकोत. आमची कसोटी अशी: तेच काम हाताने करताना चूक होते आणि ती चूक दिसत नाही, तरच ते लायब्ररीत यावे. वरची सगळी या कसोटीला उतरतात.

फंक्शन कसे असावे यावरही आमचे मत आपल्याहून वेगळे नसावे. ते अक्ष बाहेरून घेईल आणि नाही दिला तरच नवा बनवेल. काढलेल्या वस्तू परत देईल, म्हणजे पुढे रंग-जाडी बदलता येईल. जागतिक आरसीपॅराम्स (सगळ्या आलेखांना लागू होणाऱ्या मूळ मांडण्या) कायमचे बदलणार नाही. लागलेच तर आरसी_कॉन्टेक्स्टच्या आत, तेवढ्यापुरते. चित्र पडद्यावर दाखवणारे शो स्वतः बोलावणार नाही. उघडलेली आकृती बंद करणे हे उघडणाऱ्याचे काम राहील, नाहीतर ८५ वॉर्डांच्या फेऱ्यात विसाव्या आकृतीनंतर इशारा येतो आणि मेमरी भरत जाते.

‘तत्त्व’ म्हणून सुविधा नाकारणे मात्र पटत नाही. जॉन हंटर यांनी २००३मध्ये मॅटप्लॉटलिब आणली ती मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरसारखे सहज आलेख पायथनमध्ये काढता यावेत म्हणून. पायप्लॉट हा तिचा सोपा दर्शनी भाग, हीच मुळात सुविधा आहे. आकृती आणि अक्षांची जाळी एका हाकेत देणारे सबप्लॉट्स, २०२०मधले सबप्लॉट_मोझेक, वर सांगितलेले बार_लेबल, यांतले प्रत्येक काम आधीही हाताने होत होते. तरी ते आत घेतले गेले. त्या तळावर उभे राहून वरच्या थराने सोवळे पाळावे, हे अजब आहे.

आमच्या मागण्या:

१. प्रस्ताव पुन्हा उघडा आणि प्रत्येकावर स्वतंत्र, कारणांसह निर्णय द्या. नकार असला तरी चालेल, पण त्या प्रस्तावापुरता लिहिलेला हवा.

२. देवनागरी-तपासणीचा इशारा पुढच्याच आवृत्तीत घ्या. तो कोणतेही जुने वर्तन बदलत नाही.

३. लाख-कोटींचा फॉर्मॅटर आणि आर्थिक वर्षाचा अक्ष ‘प्रायोगिक’ विभागात घ्या. नावे किंवा पर्याय बदलायचे झाले तर मॅटप्लॉटलिबप्रमाणे निदान दोन लहान आवृत्त्या आधी इशारा द्या, मग बदला.

४. चाचण्यांचा भार आम्ही उचलतो. आकड्यांसाठी चित्रांची तुलना लागत नाही, आकडा आणि अपेक्षित मजकूर यांची यादी पुरते: शून्य, -१२३४५, -१२३४५६, ९९९९९.९९६, एक कोटी, आणि रिकामी किंमत. ही यादी चालेपर्यंत फंक्शन घेऊ नका.

५. बार आणि कागदाच्या आकाराचे फंक्शन लगेच शक्य नसेल तर निदान वरच्या रीती दस्तऐवजांत हिंदी-मराठीत, चालणाऱ्या उदाहरणांसह टाका. मजकूर आम्ही लिहून देतो. तपासायला आपल्यापैकी एकाचे नाव कळवा.

६. एकगठ्ठा बंद करण्याची पद्धत थांबवा. ज्यांनी चाचण्यांसह काम पाठवले त्यांना एका ओळीचे साचेबंद उत्तर गेले. त्यांतले काही विद्यार्थी आहेत आणि ते दुसरी पुल रिक्वेस्ट पाठवणार नाहीत.

उत्तर याच पत्राइतक्या उघडपणे यावे, ही विनंती.

कळावे,
इंदूरमधील काही नियमित वापरकर्ते